नऊला झोपणारं यंत्र

१

शुक्रवारी सकाळी न्ये यी-चननं कपाट उघडलं. आतलं यंत्र चालू होतं, पंखा घरघरत होता, समोरचा दिवा लागलेला होता. तिनं त्याला स्क्रीन जोडून पाहिलं, तर आत काहीच नव्हतं. वर्षभर ज्याच्या जिवावर ऑफिस चाललं होतं, ते काम कुणीतरी धुऊनपुसून नेलं होतं. तिनं जाऊन मालकाला सांगितलं, आणि जो बोंब मारतो तोच चोर या न्यायानं दुपारपर्यंत चोर तीच ठरली.

मला बोलावलं ते मालकानं, म्हणजे पांगनं. त्याचे वडील आणि मी ताइनानच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका टेबलाला बसायचो. हयातभर मी तारांमधले बिघाड शोधले. निवृत्त झाल्यावर माणसांमधले शोधायला लागलो, कारण घरी बसून करायचं काय? बायको गेली, मुलगी समुद्रापलीकडे. घरात आवाज करणारा एक भाताचा कुकर, आणि तोही भात झाला की टक् करून गप्प होतो. त्यामुळे कुणाचं काही हरवलं की मला मनातून बरंच वाटतं. लाज वाटते हे सांगायला, पण वाटतं.

पांगची कंपनी म्हणजे सूपच्या दुकानावरचा तिसरा मजला आणि मालकासकट तीन माणसं. मासळीची तळी असणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका सोसायटीसाठी ते संकेतस्थळ बांधत होते. कुणाच्या तळ्यात आज किती मासळी निघाली ते शेतकऱ्यानं टाकायचं, व्यापाऱ्यानं तिथंच मागणी नोंदवायची. सोमवारी सोसायटीची माणसं ते बघायला येणार होती.

अशा संकेतस्थळाला दोन अंगं असतात. एक लोकांना दिसतं ते, दुकानाच्या काउंटरसारखं. दुसरं मागचं गोदाम. ही मंडळी त्यांना फ्रंट-एंड आणि बॅक-एंड म्हणतात. बांधणी चालू असताना काउंटर वेई नावाच्या पोराच्या लॅपटॉपवर होता आणि गोदाम कपाटातल्या यंत्रात. मधे एक निरोप्या बसवलेला. काउंटरवर मागणी आली की निरोप्या ती 'गोदाम' या नावाच्या पत्त्यावर पोचवायचा आणि तिकडून उत्तर घेऊन यायचा. निरोप्याच्या नोंदीनुसार गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास उत्तरं यायची बंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी गोदाम रिकामं सापडलं.

"दुसरी नक्कल?" मी विचारलं.

पांग खाली बघायला लागला. "काका, चालत्या यंत्राला हात लावू नये म्हणतात. कुणी लावलाच नाही."

कपाटाची चावी मंगळवारपासून न्येकडे होती. सोमवारनंतर गोदाम भाड्याच्या मोठ्या सर्व्हरवर हलवायचं होतं, म्हणून तिनंच मागून घेतली होती. बुधवारी नौकांच्या शर्यतीच्या सणाची सुट्टी. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. पांगच्या मते एवढं पुरेसं होतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत तिनं माल परत दिला तर ठीक," तो म्हणाला. "नाहीतर पोलीस."

मी जिना उतरलो तर न्ये पायरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली होती. रडून झालेलं होतं, हे तिच्या नाकावरून कळत होतं.

"काका, मी उघडलं तेव्हा ते रिकामंच होतं," ती म्हणाली. "आणि ते कालपरवाचं रिकामं नाही. ते कधीचं रिकामं आहे."

२

यंत्र आपली रोजनिशी आपणच लिहीत असतं. कधी चालू झालं, कुणी काय ठेवलं, काय नेलं. न्येनं मला ती दाखवली. दीड वर्षापूर्वीची एक नोंद होती, सगळं पुसल्याची. त्यानंतर त्या यंत्रानं कुणाशी एक अक्षर बोलल्याची खूण नव्हती.

पांगला मी हे सांगितलं. तो म्हणाला की ज्याला गोदाम चोरता येतं त्याला रोजनिशीत लबाडी करता येत नाही होय? त्याचंही खोटं नव्हतं. वेईचा काउंटर गुरुवारपर्यंत उत्तरं घेत होता, हे तर सगळ्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं. रिकाम्या गोदामातून दीड वर्ष माल कसा येईल?

मग मी वेईकडे वळलो. तिशीतलं पोरगं, केस खांद्यापर्यंत, डोळ्यांखाली काळं. दुपारी उगवतो, आणि ऑफिसातून गेल्यावर गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत बसून, ऑफिसच्या राउटरला जोडून रात्रीही काम करतो. कानांवर हेडफोन. मी बोललो तेव्हा त्यानं एकच कान मोकळा केला.

न्येबद्दल विचारल्यावर त्यानं दुसराही मोकळा केला. ही बाई खत्रूड आहे, म्हणाला. रोज रात्री नऊच्या ठोक्याला गोदाम बंद करते. आपण रंगात आलेलो असतो, पान अर्धं झालेलं असतं, आणि धाडकन उत्तरं बंद. पहाटे पाचला उठून बघावं तर चालू. मुद्दाम करते, दुसरं काय?

न्येचं टेबल त्याच्या टेबलापासून हात लांबवला तर लागेल एवढ्यावर होतं. मी तिला विचारलं. ती चकित झाली.

"मी? मी कशाला बंद करू? मला वाटायचं शेठ वीज वाचवतात."

पांग म्हणाला, "मी? मला तर वाटायचं हा वेई कामचुकार आहे, सबबी सांगतो."

"तुम्ही एकमेकांना विचारलं नाहीत?"

एका खोलीत तीन माणसं, तीन हेडफोन. जे काय बोलायचं ते टाइप करून पाठवायचं. तक्रार केली तर कटकट्या म्हणतील म्हणून टाइपही करायचं नाही. मी एकटा राहतो तो निदान एकट्या घरात राहतो. ही पोरं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून एकटी राहत होती, आणि मला त्यांची फार कीव आली.

पण प्रश्न समोर उभाच होता. तिघांपैकी कुणी नाही, तर रोज रात्री नऊला ते यंत्र बंद कोण करत होतं?

३

मी कपाट नीट बघितलं. यंत्रावर हिरवं पाकीट होतं, मक्याच्या कुरकुऱ्यांचं. आमच्याकडे कुठल्याही यंत्रघरात हे असतंच. हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत, म्हणून पाकीटही हिरवंच हवं. ते यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्या बाळासारखं वागतं. माझ्या एक्स्चेंजमध्येही ठेवायचो. मोठमोठे शिकलेले लोक ठेवतात आणि त्यावर हसतातही, पण उचलत कुणी नाही. नियम एकच: खाण्याची तारीख उलटायच्या आत पाकीट बदलायचं. शिळ्या नैवेद्यावर देव रागावतो, तसं यंत्र रागावतं.

या पाकिटाची तारीख केव्हाच उलटून गेली होती. त्यावर धुळीचा थर होता.

"हे कुणी बदललं कसं नाही?" मी विचारलं.

मग पांग हळू आवाजात म्हणाला, "ते श्याओचं आहे, काका."

श्याओ मिंग-हुंग. गोदाम त्यानंच बांधलं होतं, एकट्यानं. यकृताच्या दुखण्यानं गेला. शेवटचे काही महिने घरूनच काम करायचा. साधा पोटाचा त्रास आहे, म्हणायचा. किती आजारी आहे ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही. न्ये आली ती त्याच्या जागेवर. खुर्चीच्या पाठीवर त्याचं जाकीट होतं ते अजून तिथंच आहे, न्ये पाठ न टेकता बसते. पाकिटाला हात लावायचा धीर कुणाला झाला नाही. म्हणून कपाटही उघडलं नाही. चालतंय ना, मग चालू द्या.

"गेला कधी?"

"सणाच्या दुसऱ्या दिवशी," पांग म्हणाला. "मला आठवतं, कारण फोन आला तेव्हा मी फ्रिजमधला झोंग्झी सोडत होतो. पान सोडलं आणि तसाच टाकून दिला. खाववला नाही."

ऑफिसच्या फ्रिजमध्ये यंदाचेही होते. बांबूच्या पानात बांधलेले भाताचे झोंग्झी, दोऱ्यानं जुडी केलेली. कुणीतरी भेट दिलेले, कुणी न खाल्लेले. त्याच्या घरी तुमच्यापैकी कुणी गेलं होतं का, असं मी विचारलं. पांगनं दुखवट्याच्या पैशांचं पांढरं पाकीट पाठवलं होतं, हारही पाठवला होता. जाणं राहून गेलं.

तेवढ्यात पांगच्या फोनवर काही आलं. त्यानं वाचलं आणि तो उठून उभा राहिला. शिंचूच्या एका कंपनीत न्येला नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यापासून. तिनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

"आता बोला काका," तो म्हणाला. "गोदाम घेऊन नव्या घरी चाललीय ही."

न्येचा चेहरा उतरला. सोमवार पार पडला की सांगणार होते, म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आमचा धंदा म्हणजे एक लहान गाव आहे, काका. पोलिसांत नाव गेलं की शिंचूची नोकरी गेलीच, पण पुढची कुठलीच मिळणार नाही. मला दुसरं काही येत नाही."

मी निरोप्याकडे वळलो. निरोप्याच्या वहीत नुसतं 'गोदाम' हे नाव होतं. ते नाव प्रत्यक्षात कुठं नेतं, हे ऑफिसच्या राउटरला ठाऊक. राउटर उघडून बघू म्हटलं, तर पासवर्ड कुणाला माहीत नव्हता.

"श्याओला होता," वेई म्हणाला. त्यानं हेडफोन काढून गळ्यात घातले होते. "शेवटचा आला तो राउटर दुरुस्त करायलाच आला होता. तोंडाला मास्क, अंगावर जाकीट, तरी कुडकुडत होता. मी विचारलं, काय बिघडलंय? म्हणाला, काही नाही, तुझं तू कर. तुला काही कळणारसुद्धा नाही."

४

मी रोज नऊला झोपतो. त्यात शिस्त वगैरे काही नाही. जागून करायचं काय, एवढंच. पाचच्या आधी डोळा उघडतो, मग झोप येत नाही. शनिवारीही तसाच उठलो, बायकोच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, कुकरचं बटण दाबलं आणि बटणावर बोट ठेवून तिथंच उभा राहिलो.

यंत्राला झोप लागत नाही. ऑफिसातली यंत्रं दिवसरात्र चालतात, त्यांना कुणी नऊला निजवत नाही आणि पहाटे उठवत नाही. नऊला निजणारं आणि पाचला उठणारं यंत्र मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तशी माणसं मात्र पुष्कळ पाहिली होती. त्यातलं एक तर रोज दाढी करताना दिसतं.

मी तिघांनाही ऑफिसखालच्या सूपच्या दुकानात बोलावलं. वेई एवढ्या सकाळी प्रथमच उजेडात आला असावा, डोळे चोळत होता. पांगनं वाडगा पुढे ओढला पण चमचा उचलला नाही. न्ये टेबलाच्या टोकाला बसली होती.

"एक्स्चेंजमध्ये असताना," मी सुरुवात केली, "दुकानदार यायचे. दुकानात कुणी नसलं की दुकानाचा फोन घरी वळवून द्या म्हणायचे. आम्ही द्यायचो. मग गिऱ्हाईक नंबर दुकानाचा फिरवायचं, पण घंटा घरात वाजायची. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही, ते खुशाल समजायचं की शेठ गल्ल्यावर बसलेत."

वेईचे डोळे पुरते उघडले.

"श्याओनं तेच केलं. ऑफिसला यायचं त्राण राहिलं नाही, आणि रजा मागितली तर आजार सांगावा लागणार. गोदाम त्यानं घरच्या यंत्रात नेलं. कपाटातलं पुसून टाकलं, ती रोजनिशीतली दीड वर्षापूर्वीची नोंद. आणि इथल्या राउटरमध्ये 'गोदाम' हे नाव आपल्या घराकडे वळवून दिलं. वेई, तू दीड वर्ष कपाटाशी बोलतच नव्हतास. त्याच्या घराशी बोलत होतास."

"पण तो तर गेला," न्ये म्हणाली.

"तो गेला. यंत्र कुणीतरी चालू ठेवलं. नऊला झोपणारं आणि पाचला उठणारं कुणीतरी. त्याच्या घरी कोण आहे?"

पांगनं तोंडावर हात ठेवला. "आई," तो म्हणाला. "एकटीच."

"मग गुरुवारी का बंद केलं?" हे वेईनं विचारलं.

भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, चांद्र तिथ्यांचं. दुकानदार फाडायला विसरला होता, वर अजून गुरुवारच होता. मी बोट दाखवलं. पांगनं पाहिलं आणि मान हलवली. वर्ष व्हायला अजून अवकाश आहे काका, म्हणाला, माझ्या फोनमध्ये तारीख आहे.

"तुझ्या फोनमधली तारीख ऑफिसची. यंदा सण लवकर आला. म्हातारी माणसं तिथी धरतात. तो गेला सणाच्या दुसऱ्या दिवशी, आणि बुधवारी सण झाला. गुरुवारी त्याचं वर्ष होतं. त्या दिवशी त्याच्या वेगळ्या धुपाटण्यातली राख पूर्वजांच्या धुपाटण्यात मिसळतात. सकाळीच असतो हा विधी. तुझ्या आजोबांचा मी स्वतः बघितलाय. दहाच्या सुमारास आटोपतो."

मग पांग उठला, न्येसमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला. त्याला माफ करायचं की नाही हे तिनं ठरवलं नसावं, आणि घाईनं ठरवण्यासारखं ते नव्हतंही.

"हे सगळं तुमचं डोकं, काका," ती मला म्हणाली. "पण तिथं यंत्र नसलं तर?"

तर मग संध्याकाळी पोलीस येणार होतेच. पुरावा माझ्याकडे एवढाच होता, की मीही नऊला झोपतो.

५

श्याओचं घर चीगूला, तळ्यांच्या भागात. न्येच्या स्कूटरवर मी मागं बसलो. वेई ऑफिसात लॅपटॉपपाशी थांबला. निघताना पांगनं फ्रिज उघडला आणि झोंग्झीची जुडी माझ्या हातात दिली. शोक असलेल्या घरात त्या सणाला झोंग्झी बांधत नाहीत, दुसऱ्यांनी आणून द्यायचे असतात. ते त्यालाही ठाऊक होतं.

दारात एक बाई ठेंगण्या स्टुलावर बसून कालवं फोडत होती. पायात रबरी बूट, डोक्यावर कापड बांधलेली टोपी. न्येनं हेल्मेट काढलं आणि ती अडखळत म्हणाली, "श्याओ आई, आम्ही मिंग-हुंगच्या ऑफिसातून..."

बाईनं सुरी खाली ठेवली, हात पुसले. आम्हा दोघांकडे वर-खाली पाहिलं.

"या," ती म्हणाली. "जरा उशीर केलात."

तिनं झोंग्झी घेतले, वास घेतला, कुठल्या दुकानाचे म्हणून विचारलं, आणि आम्हाला थेट आतल्या खोलीत नेलं. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. कोपऱ्यात टेबलावर यंत्र होतं. त्यावर विणलेला रुमाल, आणि रुमालावर हिरवं पाकीट. नवं कोरं. मी वाकून त्यावरची तारीख वाचली.

"तारीख बघून बदलते मी," ती म्हणाली. "वाणी म्हणतो, आजी, या वयात कुरकुरे खाता? म्हटलं, कुणी खात नाही रे बाबा. नुसतं बसवून ठेवते."

मुलानं तिला सांगून ठेवलं होतं की मी गेलो तरी हे लगेच बंद करू नकोस, ऑफिसची माणसं येऊन घेऊन जातील. ऑफिसला सांगायचं त्याच्या मनात असणार, पण दुखण्यानं तेवढी सवड दिली नाही. ती वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. मग तिला वाटलं, अजून लागत असेल, म्हणूनच येत नसतील.

"हा दिवा आहे ना," तिनं यंत्रावरचा बारीकसा दिवा दाखवला, "तिकडं कुणी काही मागितलं की लुकलुकतो. मिंग-हुंगनं सांगितलं होतं. मी कालवं इथंच घेऊन बसायची. दुपारी उशिरा सुरू व्हायचा, मग चालूच. संध्याकाळी थोडा थांबायचा, जेवत असणार. रात्री परत सुरू."

"आणि नऊला तुम्ही बंद करायचात," मी म्हणालो.

"मग? कुणाचं तरी पोर बसलेलं असायचं तिकडं. मी बंद नाही केलं तर ते झोपणार कधी? मिंग-हुंग असाच जागायचा. यकृत कशानं गेलं त्याचं?" तिनं रुमालाची सुरकुती काढली. "याला तरी झोपवावं म्हटलं."

न्येनं मान फिरवली. तिचा फोन तिच्या हातात होता आणि चालू होता. पलीकडे वेई ऐकत होता.

गुरुवारी राख मिसळून झाल्यावर तिनं मुलाला कौलाचे लाकडी ठोकळे टाकून विचारलं होतं, आता बंद करू का? एक ठोकळा उताणा पडला, एक पालथा. म्हणजे हो. तिनं बटण दाबलं, रुमाल नीट केला आणि कालवं बाहेर नेऊन बसली.

"चुकलं का माझं?"

"नाही हो, वहिनी," मी म्हणालो. "चुकलं ते आमचं."

न्येनं सगळं सांगितलं. सोमवारची गोष्ट, चोरीचा आळ, पोलीस. बाई ऐकत होती आणि मधेमधे "अगं बाई" म्हणत होती. ऐकून झाल्यावर तिनं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. तो नुसताच लागलेला होता, स्थिर. मग एकदम लुकलुकला, पुन्हा लुकलुकला, आणि लुकलुकतच राहिला.

"आलं," ती हसून म्हणाली. "तेच पोरगं आहे. त्याचं असंच असतं, घाईघाईनं."

फोनमधून वेईचा आवाज आला, पान उघडलं म्हणून. त्याच्या मागून पांग काहीतरी विचारत होता.

न्येनं गोदामाची नक्कल करून घेतली. तेवढ्यात बाईनं झोंग्झी वाफवले आणि आम्हाला बसवून खायला घातले. मला दुसरा घ्यायला लावला. घरी कोण आहे विचारलं, मी सांगितलं. मग तिनं तिसराही पानावर ठेवला. दिवा टेबलावर लुकलुकत होता. न्येची नोकरी वाचली होती, नावही वाचलं होतं, आणि तरी ती तार काढायला हात पुढे करत नव्हती.

"झालं ना गं?" बाईनंच विचारलं.

"झालं, श्याओ आई. सगळं घेतलं." न्ये खोटं बोलू शकली असती, पण बोलली नाही. "सोमवारपासून सगळं मोठ्या सर्व्हरवर जाईल. आता हे नाही लागणार."

"बरं झालं बाई. सुटला तो." तिनं हिरवं पाकीट उचलून बाजूला ठेवलं आणि बटणाकडे हात नेला.

"श्याओ आई, थांबा."

फोन टेबलावर होता. आवाज वेईचा होता.

"मला लागतं ते," तो म्हणाला.

"काम तर झालं म्हणतेय ही."

"काम झालं. रात्री मी खोलीवर एकटाच असतो. तिकडनं उत्तर येत होतं, ते..." त्याला पुढं जमेना. "नऊला बंद झालं की मी शिव्या द्यायचो. मला माहीत नव्हतं कोण आहे ते."

बाई फोनकडे बघत राहिली. मग तिनं पाकीट पुन्हा रुमालावर ठेवलं, मधोमध, आणि तळव्यानं सारखं केलं.

"मिंग-हुंगला विचारावं लागेल," ती म्हणाली. "त्यानं एकदा हो म्हटलंय बंद करायला. पण मी सांगते त्याला, नाही म्हणायचा नाही तो." मग खाली वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ती फोनशी मोठ्यानं बोलली. "नऊपर्यंतच हं. नऊ वाजले की झोपायचं."

"हो," वेई म्हणाला.